जालन्याहून दोन समुद्र

जालन्याच्या माणसाला पूर्वी समुद्र निराळा म्हणून भेटत नसे. तो मुंबईच्या कामाला जोडून यायचा. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं लग्न, कुणाची मंत्रालयात अडकलेली फाईल. काम आटोपलं की संध्याकाळी चौपाटी, भेळ, आणि धोतर किंवा लुगडं घोट्यापर्यंत भिजवून परत. घाणेवाडीचा तलाव भरला तरी गावभर बातमी होणाऱ्या मुलखात ‘समुद्र पाहून आलो’ म्हणायला एवढं पुरत असे.

मग नोकरदार घरांत एलटीसी आली आणि ‘खास समुद्र बघायला जायचं’ ही कल्पना सुचली. तेव्हाच वाद सुरू झाला, अलिबाग की गणपतीपुळे?

वाद म्हणायचा तो उगाच. अर्धा निकाल रेल्वेनेच लावलेला असे. ऐंशीच्या दशकात जालन्याहून निघायची ती काचीगुडा-मनमाड मार्गावरची छोटी गाडी. मनमाडला वळकट्या, पाण्याची सुरई, दशम्यांचा डबा आणि पोरं मोजून उतरवायची, आणि मोठ्या रुळाची गाडी पकडायची. आमच्याकडे रुळांची रुंदी बदलली नव्वदच्या दशकात; तोवर मनमाडची हमाली कुणाला चुकली नाही. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावर जायचं, तिथून लाँचने रेवस, पुढे एसटीने अलिबाग. कित्येक जालनेकरांच्या आयुष्यातली पहिली नाव म्हणजे ही रेवसची लाँच. ती हलली की आजीमंडळी हात जोडून बसत, थेट रेवस येईपर्यंत.

गणपतीपुळ्याचं गणितच वेगळं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी एसटीने पुणे, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी. सहाशेहून जास्त किलोमीटरचा हा प्रवास, त्यात घाटात ओकाऱ्या. शिवाय घरातून विरोध ठरलेला. “राजूरचा गणपती दाराशी असताना त्या पुळ्याच्या गणपतीला कामून जायचं?” आजीचा हा प्रश्न बिनतोड होता. अंगारकीला राजूरला पायी जाणाऱ्या बाईला दुसऱ्या गणपतीचं आमिष दाखवून उपयोग नसतो. पण एकदा गेली, आणि तिथे देवाची प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या डोंगराला वेढा घालायचा हे कळल्यावर तिचा सूर पालटला. देव पश्चिमेला तोंड करून समुद्राकडे बघतो, हे तर तिने नंतर राजूरच्या पुजाऱ्यांनाही ऐकवलं.

त्या सहली गोड होत्या असं सगळे म्हणतात. म्हणणारे बहुधा पुरुष असतात. बायकांच्या वाट्याला तिथेही स्टोव्ह, डाळ-तांदूळ आणि ओल्या कपड्यांची दोरीच यायची. आमची काकू अलिबागला समुद्रापेक्षा रॉकेल कुठे मिळतं याच्या शोधात जास्त फिरली असेल.

आता जालन्याजवळूनच समृद्धी महामार्ग जातो. ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. अटल सेतू जानेवारी २०२४ पासून आहे, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो २०२० पासून. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारतही सुटली. पुढे ती नांदेडपर्यंत नेली, तेव्हा ‘आपली गाडी गेली’ म्हणून इथे थोडी हळहळ झाली, तो भाग वेगळा. मुद्दा हा की पहाटे निघालं तर दुपारचं जेवण अलिबागला होतं. स्टोव्ह सुटला. काकू आता हॉटेलच्या व्हरांड्यात बसून चहा मागवते, आणि मला हा बदल सगळ्या पुलांपेक्षा मोठा वाटतो.

पण एवढं धावून पोचतो कुठे, तर निम्म्या मुंबईत. तेच बंगले, तीच कुंपणं, शनिवारी तीच वाहनांची रांग. अलिबागचं अजून खरं काही उरलं असेल तर कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जायचं, भरती यायच्या आत परतायचं. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थीला उत्तर येतं तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नवाच्या सुमारास ओहोटी. राजूरमुळे चतुर्थी आम्हाला तोंडपाठच असते. संकष्टीला सकाळी किल्ल्यात जायचं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

गणपतीपुळे मात्र जालन्याला अजून लांबच आहे. आमचे सगळे नवे रस्ते मुंबईकडे धावतात. मराठवाड्यातून तळकोकणाकडे वळायचं तर आजही पुणे, सातारा, कऱ्हाड करत घाटच उतरावा लागतो. म्हणून तिथे जाणारा निदान चार दिवस काढून जातो. मालगुंडला केशवसुतांचं घर बघतो, आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवतो, घरगुती खानावळीत मोदक खातो. पाण्यात मात्र जपून उतरावं. तिथल्या समुद्राला ओढ आहे आणि आमच्या पोरांना विहिरीत पोहण्याची सवय.

या दिवाळीसाठी घरात पुन्हा दोन तट पडलेत. पोरांना अलिबागजवळच्या नागावची बनाना राइड हवी, काकू आणि मी पुळ्याच्या बाजूला. मुलाला रजा मिळालीय दोनच दिवसांची, तेव्हा अलिबागचं बुकिंग झालंसुद्धा.