यमुनेचं धाडस

बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे. १८५७ साली त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. नवऱ्याबरोबरच्या प्रवासात विधवांचे हाल पाहिलेली यमुना पुढे स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. ही कादंबरी मी वर्षानुवर्षे शिकवली. तिच्यामागचा धर्मप्रसाराचा हेतूही मुलांना सांगितला आणि यमुनेच्या धाडसाचं कौतुकही केलं. पण माझी धाकटी बहीण विधवा झाली आणि चार वर्षांनी तिला मागणी आली, तेव्हा ‘लोक काय म्हणतील?’ हे सर्वांत आधी मीच विचारलं.

ती म्हणाली, ‘‘ताई, मला नाही भीती वाटत. तुलाच वाटतेय.’’

त्या रात्री यमुना पुन्हा वाचली. सकाळी बहिणीला फोन केला, ‘‘रविवारी त्यांना घेऊन जेवायलाच ये.’’