मोडकं मराठी आणि थर्मलची कंट्रोल रूम

बरेच दिवस काही लिहिणं झालं नाही. कारणं नेहमीचीच, ती सांगत बसत नाही. पण दिवाळीत परळीला जाऊन आल्यापासून एक विषय डोक्यात घोळतोय, तो आज लिहून टाकतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

इतकी वर्षं फसवणुकीच्या मेसेजपासून आपल्याला वाचवणारी एक मोठी गोष्ट होती, ती म्हणजे त्या मेसेजचं मराठी. "प्रिय ग्राहक, आपले खाते अवरोधित केले गेले जाईल, कृपया इथे दाबणे" असलं काही वाचलं की आमची आत्यासुद्धा (शाळा सातवीपर्यंत, चष्मा अर्धा वेळ हरवलेला) म्हणायची, "हे आपलं माणूस न्हाई रे." मशीनने केलेलं भाषांतर लगेच ओळखू यायचं. जगाच्या बाजारात आपली भाषा लहान, तिच्यासाठी मेहनत घ्यायला चोरालाही परवडत नव्हतं. म्हणजे बघा, दुर्लक्ष हीच आपली तटबंदी होती!

ती तटबंदी आता पडलीय. आजची एआय मॉडेल्स शुद्ध, नम्र, सरकारी वळणाचं मराठी लिहितात, आणि सांगितलं तर घरगुतीही लिहितात. मीच गंमत म्हणून एकाला सांगून पाहिलं, "परळीच्या काकाने पुतण्याला लिहिल्यासारखं लिही." त्याने "काय करलालास?" पासून सुरुवात केली. हसू आलं आणि लगेच थांबलंही.

आता थर्मलकडे वळतो, कारण आमच्या घरात सगळ्या गोष्टी शेवटी तिथेच जातात. बाबा थर्मलला होते, बालपण शक्तिकुंज वसाहतीत गेलं, हे नातेवाइकांना नव्याने सांगायला नको. बाकीच्यांसाठी : परळी म्हणजे वैजनाथ, आणि परळी म्हणजे औष्णिक वीज केंद्र. जुने छोटे संच बंद झाले. प्रत्येकी 250 मेगावॉटचे 6, 7 आणि 8 नंबरचे संच हे आताचं थर्मल. बाबांच्या उमेदीच्या काळात कंट्रोल रूममध्ये काटे, दिवे, मोठाले स्विच आणि दर तासाला आकडे भरायची वही. आता तिथे पडदे आणि माऊस. आणि जिथे माऊस आला तिथे माऊस पळवणाराही येऊ शकतो.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये अगदी हेच घडलं. तीन वीज वितरण कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये लोक बसलेले असताना पडद्यावरचा माऊस आपोआप फिरायला लागला आणि एकेक ब्रेकर उघडत गेला. समोरचा माणूस नुसता बघत राहिला, कारण त्याचं स्वतःचं लॉगिन चालेना. सव्वादोन लाख ग्राहकांची लाइट गेली, तीही ऐन थंडीत. वर ग्राहकांना तक्रारही करता येऊ नये म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनचा मारा. आणि हे सगळं सुरू कुठून झालं? काही महिने आधी कर्मचाऱ्यांना आलेल्या एका साध्या ईमेलमधून. वर्डची फाइल होती, "मॅक्रो चालू करा" म्हणत होती, कुणीतरी केले.

आपल्याकडे 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची लाइट गेली ते आठवत असेल. सकाळी लोकल जागच्या जागी थांबल्या, काही रुग्णालयं जनरेटरवर आली. पुढे 1 मार्च 2021 ला राज्य सरकारने सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे सांगितलं की वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये 14 ट्रोजन हॉर्स आणि 8 जीबी डेटाची संशयास्पद देवघेव झाल्याचे पुरावे आहेत. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हे. राज्य एक म्हणतं, केंद्र दुसरंच. मला विचाराल तर हा घोळच सगळ्यात काळजीचा. लाइट का गेली यावर दोन सरकारांचं एकमत होऊ नये?

यातल्या एकाही प्रकरणात एआय नव्हतं. सगळं माणसांनी केलं होतं आणि त्यासाठी महिनोन् महिने घालवले होते. एआयने काय बदललं, तर हे महिने. नोव्हेंबर 2025 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने स्वतःच जाहीर केलं की चीनशी संबंधित एका गटाने तिचंच साधन वापरून जगभरातल्या सुमारे 30 संस्थांवर हल्ल्याचे प्रयत्न केले, आणि त्यातलं 80 ते 90 टक्के काम एआयने केलं. थोड्या ठिकाणी त्यांना यशही आलं. आता जे ईमेल युक्रेनियन भाषेत लिहायला माणूस लागत होता, ते मराठीत, कोळशाच्या रेकचा खरा वाटेलसा संदर्भ देऊन, परळीच्या एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरला पाठवायला काही सेकंद पुरतात.

मग बचाव? तोही एआयनेच, असं म्हणतात. कल्पना सोपी आहे. संचाचं तापमान, कंपनं, नेटवर्कवरची ये-जा हे सगळं मशीन महिनोन् महिने बघतं, "नेहमीचं" म्हणजे काय ते शिकतं आणि काही वेगळं दिसलं की ओरडतं. बाबांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "मग आम्ही काय करत होतो?" खरंय. टर्बाइनच्या आवाजावरून काहीतरी बिघडलंय हे ओळखणारी माणसं तिथे होती.

पण "नेहमीचं" हा शब्द परळीत फार फसवा आहे. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी अख्खं थर्मल बंद पडलं. 2015 मध्ये पुन्हा तेच. ज्या केंद्राचं नेहमीचं म्हणजे कधी पूर्ण क्षमतेने, कधी एकच संच, कधी काहीच नाही, तिथे हे मशीन काय शिकणार? बंद संच पुन्हा सुरू करायच्या दिवशी ते दिवसभर बोंबलत राहील. खोटी घंटा दहादा वाजली की अकराव्यांदा माणूस ती बंद करून टाकतो, हे कुठल्याही पाळीवाल्याला विचारा. उलट बाजूने, हल्लेखोर हुशार असेल तर तो एकदम काही करणार नाही. रोज थोडं थोडं वेगळं वागेल आणि मशीनला तेच नेहमीचं वाटायला लागेल.

म्हणून मला जास्त भरवसा कंटाळवाण्या उपायांवर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. संच चालवणारी यंत्रणा इंटरनेटपासून तोडून ठेवा, उपकरणं विश्वासू ठिकाणाहूनच घ्या, जबाबदार अधिकारी नेमा. तोडलेल्या तारेतून एआयलाही आत येता येत नाही. मात्र दुरुस्तीला आलेला ठेकेदार पेनड्राइव्ह लावतो तेव्हा ती तार जोडली जाते, हेही आहेच.

आता घरचं. आवाजाची नक्कल करायला आज काही सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरतं, आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर तर आत्याच्या भजनांचे तासभर ऑडिओ पडलेत! 2024 च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरूप कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर "साहेबांना" आणि सहकाऱ्यांना बघून 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचं दुसरं कुणीच खरं नव्हतं. तेव्हा दिवाळीत आम्ही ठरवलं : पैशाचा फोन आला, मग आवाज कुणाचाही असो, ठेवून द्यायचा आणि आपल्याकडच्या जुन्या नंबरवर आपण उलटा लावायचा. शिवाय घरातला एक शब्द ठरलाय. तो इथे लिहीत नाही, उघड आहे :-) एवढंच सांगतो की जुन्या क्वार्टरमध्ये राहिलेल्यांनाच तो कळेल. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, त्याच क्षणी 1930 ला फोन. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

एक राहिलंच. युक्रेनमध्ये त्या रात्री लाइट काही तासांतच परत आली. कशी? माणसं गाड्या घेऊन एकेका सबस्टेशनला गेली आणि हाताने ब्रेकर लावले. जुनी यंत्रणा होती, हाताने चालवता येत होती आणि चालवता येणारी माणसं नोकरीत होती. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या बॅचचे, हाताने संच चालवलेले कोण कोण उरलेत ते बोटांवर मोजायला लागले. दुसऱ्या हातावर जायची गरज पडली नाही.