मी तोच आहे हो!

माणसाला जन्मात निदान तीनदा आपली ओळख पटवून द्यावी लागते. शाळेत जाताना हेडमास्तरांना, लग्न ठरताना सासऱ्यांना आणि पैसे काढताना बँकेतल्या कारकुनाला. मी स्वतःच बँकेतला कारकून असल्यामुळे तिसऱ्या प्रसंगी काउंटरच्या सुरक्षित बाजूला असतो. गेली वीस वर्षं लोक मला ओळख पटवताहेत आणि मी मान हलवतो आहे. कधी उभी, बहुधा आडवी. चौथी पाळी आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरपुढे येईल, हे मात्र बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

आमचं फैजपूर केळीचं गाव. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथंच झालं, अध्यक्ष पंडित नेहरू. त्यानंतर गावात मोठा आवाज होतो तो जूनमधल्या वादळाचाच. चार-पाच वर्षांपूर्वी असंच एक वादळ आलं. वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि जाताना आमचा कॉम्प्युटर बरोबर घेऊन गेली.

दुरुस्तीवाल्या पोरानं खोका उघडला, आत फुंकर मारली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, मदरबोर्ड गेला."

सूर असा, की सांत्वनाला कोणी येण्याआधी चहा टाकावा की कसं, असा प्रश्न सौ.ला पडला.

नवा बोर्ड बसला. डिस्क जुनी, पडदा जुना, कीबोर्डवरचा चहाचा डाग जुना. मी समाधानानं बटण दाबलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटली: विंडोज ॲक्टिव्हेट करा. म्हणजे माझं विंडोज मलाच विचारत होतं, आपण कोण?

पोरानं मला शास्त्र समजावलं. २००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हापासून ही चाल आहे. विंडोज आतल्या भागांवरून यंत्राची एक खूण तयार करतं. लहानसहान भाग बदलला तर काणाडोळा करतं. मदरबोर्ड बदलला की म्हणतं, हे यंत्रच दुसरं. यंत्राबरोबर बसवून आलेलं विंडोज त्या बोर्डाशी जन्मगाठ बांधून येतं, बोर्डाबरोबर तेही जातं. वेगळे पैसे मोजून घेतलेलं मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येतं, पण एका वेळी एकाच. २०१६ पासून परवाना आपल्या खात्याला जोडून ठेवायचीही सोय झाली.

"तुम्ही जोडला होता का, काका?"

मी आडवी मान हलवली. सवय!

शिक्षा तशी सौम्य होती. काम चालू राहतं, फक्त पडद्यावरचं चित्र बदलता येत नाही. पण कोपऱ्यातली ती अक्षरं! दिवसभर कोणी पाठीमागे उभं राहून खाकरत असल्यासारखं वाटायचं.

मी पैसे मोजलेल्यांपैकी होतो. पंचवीस अक्षरांचं किल्लीचं कार्ड मुलांच्या जन्मदाखल्यांच्या पिशवीत सापडलं. ती किल्ली टाकली, नकार. मग राहिला फोनचा मार्ग. पडद्यावर सात-सात आकड्यांचे नऊ गट आले. त्रेसष्ट आकडे! सौ. वाचत होती, मी फोनवर दाबत होतो.

"चार, सात, शून्य... अहो, कुकर झाला वाटतं."

"कुकर दाबू का?"

शेवटी फोनमधल्या बाईंनी, म्हणजे बाईंच्या आवाजातल्या यंत्रानं, विचारलं: हे विंडोज किती संगणकांवर बसवलं आहे? मी म्हणालो, एक. त्यांनी दाखला मागितला नाही, फोटो मागितला नाही, उद्या या म्हटलं नाही. सहा-सहा आकड्यांचे आठ गट सांगितले. ते भरले आणि कोपऱ्यातली अक्षरं गेली.

सौ. म्हणाली, "बघा, एका शब्दावर विश्वास ठेवला."

मला जेवण गेलं नाही. कारण नाना आठवले.

नाना आमचे जुने खातेदार. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात थरथरू लागला. पंधरा दिवसांत तीनदा ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून आले. तिन्ही वेळा मी सही ताडून पाहिली आणि म्हणालो, "नाना, सही जुळत नाही."

तिसऱ्या वेळी ते हसले. "हात बदलला, भाऊ. मानूस तोच हाय."

मी म्हणालो, "नियम आहे, नाना."

नियम होताच. पण दुसराही नियम होता, आणि तो शोधायचा कंटाळा मी केला होता. आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठा चालतो, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगून ठेवलंय. हाताचा नाही तर पायाचासुद्धा! फक्त बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

दुसऱ्या दिवशी मीच नानांच्या मुलाला फोन केला. नाना आले. एक साक्षीदार मॅनेजरसाहेब, दुसरा समोरचा चहावाला. त्याला बँक ओळखते खातेदार म्हणून, आणि तो बँकेला ओळखतो उधारीमुळे. मी शाईचं पॅड घेऊन काउंटरच्या बाहेर आलो आणि नानांचा अंगठा हातात धरला. वीस वर्षांत त्या बाजूनं माझी खुर्ची मी पहिल्यांदाच पाहिली. फार उंच दिसते हो ती!

नाना नोटा मोजून म्हणाले, "आज वळखलं, भाऊ?"

मी उभी मान हलवली.

घरी जायला उशीर झाला. सौ.नं विचारलं, "आज कुठं अडकलात?"

म्हटलं, "एक जुनं खातं ॲक्टिव्हेट करत होतो."

"कोणाचं?"

नानांचं, असं म्हणणार होतो. पण अंगठ्याची शाई माझ्याच बोटांना लागलेली होती.