उगमापासून वाईपर्यंत

क्षेत्र महाबळेश्वर, सकाळ

ती. अण्णांस,
सा. न.

तुमच्या गुडघ्यांमुळे तुम्ही मागे राहिलात, पण निघताना बजावलंत, "नुसते पॉइंट पालथे घालू नकोस, पाणी कुठून येतं ते बघ." म्हणून पहिलं पत्र तुम्हालाच. पंचगंगेच्या देवळाबाहेर चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे. हस्ताचा पाऊस पहाटे कोसळून गेला, आता धुकं आहे. पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंतींना पावसापासून आडोसा म्हणून बांधलेल्या गवताच्या झडी अजून उतरवलेल्या नाहीत. आज मुक्काम वाईला. वर कृष्णा जन्मते तिथून निघायचं आणि संध्याकाळी वाईच्या घाटावर तिला पुन्हा गाठायचं, असा बेत आहे. प्रतापगड या खेपेला सोडला. त्याला वेगळा दिवस द्यायला हवा.

पंचगंगेत शिरलं की आधी पाण्याचा आवाज कानावर पडतो, मग अंधाराला डोळे सरावतात. भिंतीलगत ओळीने मुखं आहेत: कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. यांखेरीज भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते अशी श्रद्धा. सगळं पाणी एक होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं. मी ओंजळ धरली. पाणी इतकं गार की बोटं क्षणभर बधिर झाली.

कुंडात एक झालेल्या या नद्या डोंगरावर मात्र एकमेकींना पाठ करून निघतात. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते आणि अरबी समुद्राला मिळते. कृष्णेला तोच समुद्र इथून जेमतेम ६४ किलोमीटरवर, तरी ती पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुलीला भेटते. कोयना आधी दक्षिणेला लांब जाते आणि मग कराडच्या प्रीतिसंगमावर येते. एका पठाराचं पाणी दोन समुद्रांत जातं, आणि ज्या धारेवर ते दुभागतं तिच्या अंगाखांद्यावर हे देऊळ उभं आहे.

आता तुमचा प्रश्न. पाणी येतं जांभ्यातून. या पठाराच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे. लाखो वर्षांच्या पावसानं काळ्या पाषाणातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तोच हा लाल, भोकाभोकांचा दगड. इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जांभा तो पिऊन घेतो. खाली चिकणमातीचा थर आणि त्याखाली घट्ट काळा दगड, त्यामुळे पाणी फार खोल जात नाही. ते आडवं सरकत सरकत डोंगराच्या उतारावर बाहेर पडतं. पंचगंगा, कृष्णाबाई ही देवळं अशा पाण्यापाशीच आहेत. ज्यांनी या जागा हेरल्या त्यांनी ऐन वैशाखात इथे उभं राहून धार आटत नाही ना, हे नक्की पाहिलं असणार. देऊळ म्हणजे त्या झऱ्यावर ठेवलेली राखण आहे, असं मला आज तिथे उभं राहून वाटलं.

शेजारच्या महाबळेश्वराच्या गाभाऱ्यातली पिंडसुद्धा घडवलेली नाही. रुद्राक्षासारखा खडबडीत, खळग्याखळग्यांचा मूळ खडकच तो, आणि त्या खळग्यांत पाणी साठलेलं असतं. याच देवापुढे १६६५ च्या जानेवारीत, सूर्यग्रहणाच्या पर्वावर, शिवाजी महाराजांनी जिजाऊंची आणि वृद्ध सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. आईबरोबर आपल्या जुन्या कारभाऱ्यालाही त्यांनी तराजूत बसवलं, हे मला फार मोठं वाटतं.

गर्दी इथपर्यंतच असते. कृष्णाबाईच्या देवळाकडे जाणारी पायवाट चुकवून गाड्या परत फिरतात. अण्णा, तुम्हाला दाखवायचं होतं ते हे. काळ्या दगडाचं जुनं देऊळ, खांबांवर शेवाळ, छताच्या कोरीव दगडांतून ठिबकणारं पाणी, आत शिवलिंग आणि बाहेर गोमुखातून कुंडात पडणारी धार. देवळासमोर जमीन संपते आणि कृष्णेचं खोरं सुरू होतं. धुकं एकदाच फाटलं तेव्हा खाली दरीत चकाकणारी बारीक रेघ दिसली. शिखराच्या सांध्यांत झाडांची रोपं उगवली आहेत, त्यांची मुळं एक दिवस दगड फोडतील. मन कळवळलं. एवढं देखणं देऊळ आणि राबता नाही.

आणखी एक काळजी. महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा केंद्र सरकारनं २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. कागदावर हे फार चांगलं झालं. पण पठारावर जिथे जिथे सिमेंट पडतं तिथे जांभ्याचं तोंड बंद होतं आणि पाणी न मुरता वाहून जातं. वर झाकलं की खाली गोमुख सुकणार. इथल्या देवांची खरी पूजा माथ्यावरचा जांभा उघडा ठेवण्यात आहे, असं मी कुणालाही ठणकावून सांगेन.

(पुढचं आर्थर सीटवर बसून.)

धुकं निवळलं. आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रजानं इथे पहिलं घर बांधलं, त्याचं नाव कड्याला राहिलं. समोर सावित्रीची दरी सरळ तुटलेली आहे आणि कड्याच्या अंगावर आडवे थर मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. एकेक थर म्हणजे एकेका लाव्ह्याचा लोट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. काही थरांच्या मध्ये लालसर पट्टी आहे. एक लोट थंड झाला, त्याचा पृष्ठभाग झिजून माती झाली आणि मग पुढच्या लोटानं ती भाजून काढली. भूशास्त्रज्ञांनी या थरांना नावं दिली ती इथलीच. सर्वांत वरचा गट महाबळेश्वर, त्याखाली आंबेनळी, त्याखाली पोलादपूर, आणि या सगळ्यांच्या गोतावळ्याचं नाव वाई. घाट उतरताना एस.टी.च्या पाट्यांवर तुम्ही वाचत आलात ती नावं जगभरचे अभ्यासक आपल्या ग्रंथांत लिहितात. मला हे कळलं तेव्हा अभिमानानं ऊर भरून आला.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
ताई


केट्स पॉइंट, दुपार

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुला हत्ती आवडतो ना? इथे डोंगराचा हत्ती आहे. कड्याचं एक टोक पुढे आलं आहे आणि त्याला आरपार भोक पडलं आहे, त्यामुळे बाजूनं पाहिलं की हत्तीनं सोंड खाली सोडल्यासारखी दिसते. दगडातल्या अशा भोकाला किल्ल्यांवर नेढं म्हणतात. ते कुणी पाडलेलं नाही. वारा आणि पाऊस मऊ दगड कुरतडत गेले, कठीण दगड तेवढा उरला. खाली धोमचं धरण दिसतं. मी सकाळी तुझ्या आजोबांसाठी जिचं पाणी ओंजळीत धरलं होतं, त्याच कृष्णेचं पाणी तिथे साठलं आहे.

आर्थर सीटवर एक गंमत पाहिली. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आपटतो आणि त्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. म्हणून कड्यावरून हलकी वस्तू टाकली की ती खाली न जाता उलटी वर येते. माणसं बाटल्यांची झाकणं फेकून पाहतात. सगळीच परत येत नाहीत, बरीच दरीत जातात आणि कायमची तिथेच राहतात. मी वाळलेलं पान सोडलं. तेही डोक्यावरून मागे उडून गेलं. तू येशील तेव्हा आपण पानच सोडायचं.

रस्त्यात जांभळाच्या झाडावर शेकरू होतं, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस पाठ आणि अंगापेक्षा लांब शेपूट. उतारावर पिवळी सोनकी फुलली आहे. शेतांत स्ट्रॉबेरीची रोपं लावायची घाई चालली आहे, फळं मात्र थंडीत. कारवी आहे, पण या वर्षी नुसती हिरवी. ही वेडी सात वर्षं वाढते, एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. ती फुलली की मधमाश्यांची चंगळ असते.

कासचं पठार आजच्या वाटेवर नाही, पण तुझ्यासाठी सांगून ठेवते. तिथेही असाच जांभा आहे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. एवढ्या कमी मातीत पोट भरत नाही म्हणून तिथल्या काही वनस्पती किडे खातात. दवबिंदूच्या पानावर चिकट थेंब असतात, किडा दव समजून बसला की अडकला. सीतेची आसवं नावाचं निळं-जांभळं फूल दिसायला इतकं नाजूक, पण त्याच्या मुळाशी किडे पकडायच्या इवल्या पिशव्या असतात. म्हणूनच तिथे आखलेल्या वाटेवरूनच चालायचं, एक पाऊलसुद्धा बाहेर टाकायचं नाही. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात कासही आहे.

आजीला त्रास देऊ नकोस.

तुझी,
आत्या


वाई, रात्री

प्रिय आई,
सा. न.

पाचगणीचं टेबललँड वाटेत लागलं, घोडे आणि गर्दी पाहून थोडंच थांबले आणि पसरणीचा घाट उतरले. घाटात हवा पालटते. वर पावसानं माजलेलं रान आणि खाली उतरल्यावर उघडी माळरानं, सगळा ढग वरच रिकामा होतो. उतरल्या उतरल्या आधी धोम गाठलं.

आई, धोमचा नंदी तू पाहायलाच हवा. महादेवाच्या देवळासमोर दगडी कुंड आहे, त्याच्या काठाला कमळाच्या पाकळ्या कोरल्या आहेत, आणि मधोमध मोठ्या दगडी कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंड भरलं की कासव पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं. आज निम्मं भरलेलं होतं, तेव्हा कासवाचे पाय आणि मान दोन्ही पाहता आली. मान किंचित वर उचललेली, जणू पाठीवरच्या भाराची त्याला सवय झाली आहे. मी बराच वेळ कुंडाच्या कडेला बसले होते. शेजारीच नरसिंहाचं देऊळ आहे.

तिथून मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे कृष्णेत उतरणारा घाट. नानांच्या कागदपत्रांचं मेणवली दफ्तर याच वाड्यातलं, पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यांना ते टाळून पुढे जाता आलेलं नाही. वाड्यातल्या भिंतींवरची चित्रं फिकट झाली आहेत, पण रेष अजून जिवंत आहे. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ लहानशा दगडी घुमटीत घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांपैकी ही. तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियम आहे आणि १७०७ हे साल. आपल्या लोकांनी ते चित्र घासून काढलं नाही, तसंच राहू दिलं. तू असतीस तर तिच्या पायाशीही फूल ठेवलं असतंस, तुझी मला खात्री आहे.

घाटाच्या खालच्या पायरीवर पाय सोडून बसले. पाणी गढूळ आणि संथ होतं. सकाळी ज्या धारेनं बोटं बधिर झाली होती ती इथे कोमट लागली. धरणात थांबून, उन्हात तापून आलेलं पाणी ते. बायका कपडे धूत होत्या. एकीनं विचारलं, कुठून आलात? वरून, उगमाकडून, म्हटल्यावर तिनं हात जोडले, मला नव्हे, पाण्याला.

वाईत ढोल्या गणपती पाहिला. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ, आत एका दगडात घडवलेली प्रचंड मूर्ती. सगळे मूर्तीला नमस्कार करून परत फिरतात. मी मुद्दाम मागच्या बाजूला गेले. देवळाची पाठ माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी भिंतीवर आदळून ती पाडण्याऐवजी दोन बाजूंना फाटून निघून जावं, यासाठी. नदीकाठी देव बसवायचा तर नदीचा स्वभाव ओळखून बसवायचा, एवढं शहाणपण त्या गवंड्यांना होतं. पूर किती येतील आणि गेले असतील, देऊळ जागेवर आहे. आज नदीपात्राला खेटून जे चाललं आहे ते बांधणाऱ्यांना एकदा या भिंतीमागे उभं करावंसं वाटतं.

वाईकर नदीला कृष्णामाई म्हणतात आणि थंडी सरता सरता तिचा उत्सव करतात. एकेका घाटावर आळीपाळीने देवीची मूर्ती बसते, मांडव पडतो, कीर्तनं होतात, जेवणावळी उठतात. अफजलखान चालून आला तेव्हा केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं इथे सांगतात. वर ओलं, एकटं कृष्णाबाईचं देऊळ सकाळी पाहून आले होते म्हणून हे ऐकून फार बरं वाटलं. खाली तिची माणसं आहेत.

अण्णांना वरचे कडे जमणार नाहीत, पण वाईचे घाट जमतील. गणपतीपर्यंत गाडी येते आणि मेणवलीलाही वाड्याच्या दारापर्यंत जाता येतं. उत्सवाच्या तारखा देवळात विचारून ठेवल्या आहेत, लॉजवाल्याला खालच्या मजल्यावरची खोली सांगून ठेवली आहे. वहिनीला आणि छकुलीलाही विचार. तिच्या शाळेची सहामाही तोवर आटोपलेली असेल, वार्षिक परीक्षेला अवकाश असेल.

तुझी,
ताई