मिरजगावच्या लोखंडी कोंबड्या

माळीवाडा स्थानकावरून सुटलेली एसटी सोलापूर रस्त्याला लागली की रणगाडा संग्रहालय येते. १९९४ साली लष्कराने उभारलेले हे संग्रहालय आम्ही पोराबाळांसह दोनदा पाहिले आहे. जानेवारी २०२५ मधल्या त्या रविवारी मात्र ते खिडकीतून मागे पडताना आमच्या पोटात गोळा आला. आयुष्यभर खतावण्या लिहिलेले आम्ही बी. कॉम. कारकून त्या दिवशी चक्क पिस्तूल चालवायला निघालो होतो!

रुईछत्तिशी, घोगरगाव मागे टाकत गाडी मिरजगावात पोहोचली. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले हे हमरस्त्यावरचे गाव, मुलूख अवर्षणाचा. काळ्या रानात ज्वारी हुरड्यात आली होती. आमचे एक नातलग, ज्यांना सगळी वस्ती मामाच म्हणते, महार रेजिमेंटमधून निवृत्त होऊन येथे राहतात. त्यांनी आणि वस्तीतल्या पोरांनी ही नेमबाजीची छोटी स्पर्धा ठेवली होती. "तुम्ही नुसते भाषण करणार नाही, नेमही धरायचा," असा मामांचा निरोप होता.

चहा होतो न होतो तोच मामांच्या आईने आम्हांला धरले.

"तुम्ही इहारात लोकांना पंचशील देता ना? मंग पहिलं शील काय सांगतंय? अन् आमच्या पोरीच्या हातात पिस्तूल देताय व्हय?"

पोरगी म्हणजे मामांची पुतणी, नववीतली. गेले चार महिने ती रोज संध्याकाळी काकांकडे सराव करीत होती. आजींनी मनाई केली असती तर घरात कुणाची टाप नव्हती. आमच्या तोंडाला कुलूप लागले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, एवढे आम्ही कसेबसे बोललो. आजी म्हणाल्या, "आता इथं गरज कंची?" यावर उत्तर नव्हते. "तुम्हीच चला बघायला," म्हणून आम्ही त्यांना घेऊन रानाकडे निघालो.

वस्तीमागच्या पडीक रानात मातीचा उंच बांध घातला होता. त्यापुढे फळ्यांवर लोखंडी पत्र्याच्या आकृत्या ओळीने उभ्या: पाच कोंबड्या, पाच डुकरे, पाच टर्की, पाच मेंढे. गावातल्या वेल्डिंगवाल्याने भंगारातून कापून दिलेल्या. कोंबड्या दहा मीटरवर, मेंढे सर्वांत लांब, अठरा मीटरवर. पिस्तुले हवेच्या दाबाची, साडेचार मिलीमीटरच्या शिशाच्या छर्‍याची. लोखंडावर आपटून छर्‍याचे तुकडे उडतात म्हणून बघणार्‍यांनीसुद्धा चष्मा घालायचा. आजींनाही घालावा लागला. नियम साधा: आकृती पडली तर गुण. नुसता टण्ण आवाज आला आणि ती उभीच राहिली तर काही नाही.

आजींनी विचारले, "कोंबड्याच कशापायी? गोल काढायचा होता."

हे मात्र आम्हांला वाचून ठाऊक होते. हा खेळ मूळचा मेक्सिकोचा. तिकडे पूर्वी जत्रेच्या दिवशी जिवंत कोंबडी, मेंढा दूर बांधून ठेवीत आणि त्यावर नेम धरीत. १९४८ साली तिथे जनावरांच्या जागी लोखंडी आकृत्या लावून स्पर्धा झाली आणि पुढे ही रीत जगभर गेली. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही जिवंत कबुतरे उडवून मारली होती. आता मातीच्या तबकड्या उडवतात. म्हणजे नेम राहिला, जीव वाचला. आपल्याकडे अजून जत्रेत बोकड कापतात, हे आमच्या ओठांवर आले होते, पण मामांनी शिट्टी वाजवली.

आमचा नंबर पहिला. मामांनी कानात सांगितले, "पुढच्या माशीवर नजर ठेवा, कोंबडी धूसर दिसली तरी चालेल. श्वास अर्धा सोडून थांबा. घोडा ओढू नका, दाबत न्या." आम्ही ऐकले आणि नेमका ओढला. छर्रा बांधात. वीस छर्‍यांत तीन कोंबड्या पडल्या. एका मेंढ्याच्या पायाला छर्रा लागून टण्ण वाजले, मेंढा हलला आणि पुन्हा ऐटीत उभा राहिला. पोरे हसली. आम्हीही हसलो, पण मनगट दुसर्‍या दिवशी ऑफिसात पेन धरतानाही दुखत होते.

मामांच्या हाताकडे मात्र बघत राहावे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभ्या राहिलेल्या या पलटणीच्या बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशिनगन आहेत. त्याआधी इंग्रजांनी १८९० नंतर आपल्या लोकांची भरती बंद केली, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. मामा हे कधी बोलून दाखवत नाहीत. पिस्तूल पुसून ठेवतात, बस्स.

पोरगी उभी राहिली. एका हाताने धरून, दुसरा हात खिशात. विहारात आनापान शिकलेली, श्वासाचे तिला सांगावे लागले नाही. वीसपैकी अकरा पडल्या. पहिला आला पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा, चौदा पाडून. ती दुसरी.

आता खरी अडचण पुढची. खर्‍या स्पर्धेचे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते आणि चांगली रेंज पुण्याला बालेवाडीत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता, १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने पॅरिसला रायफलमध्ये कांस्य मिळवले. खेड्यातून जाता येते, हे खरे. पण मामांची पेन्शन आणि पोरीच्या बापाची मजुरी मिळून किती होते, याचा हिशोब आम्ही तिथल्या तिथे मांडून पाहिला. जुळला नाही. वस्तीतल्या चौघांनी आणि आम्ही दरमहा काही रक्कम काढायची, निदान साधे पिस्तूल आणि छर्‍यांचा खर्च भागवायचा, असे ठरले. पण आधी आजींची परवानगी हवी होती.

"पिस्तुलं खाली!" मामा ओरडले. सगळ्यांनी ती टेबलावर ठेवली. कोणी काही बोलायच्या आत आजी उठल्या, चष्मा तसाच, पदर खोचला आणि बांधाकडे चालू लागल्या. वाकून एकेक पडलेली कोंबडी उचलली, पदराने पुसली, फळीवर नीट उभी केली. मग मागे वळून पोरीला हाक मारली, "आता परत पाड गं. मघाशी माझी नीट नजर नव्हती."