हर्सूलची काठी आणि सर्वांत लहान दिवस

दिल्ली दरवाजातून बाहेर पडून जळगाव रस्त्याने उत्तरेला निघाले की हर्सूल येते. परगावच्या लोकांना हे नाव तुरुंगामुळे ठाऊक, शहरातल्यांना तलावामुळे. डिसेंबरात तलावावरून गार वारा सुटतो, आसपासच्या शिवारात ज्वारी हुरड्याला येते आणि संध्याकाळी सहाच्या आत मगरिबची अजान होते.

२२ डिसेंबरला आम्ही आठवीच्या मुलांना घेऊन तलावाजवळच्या एका सपाट जागेवर गेलो. सोबत एक मीटरची काठी, ओळंबा आणि मोजपट्टी. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला एक खडा ठेवत गेलो. सर्वांत आखूड सावली १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास पडली. भरली सुमारे ९४ सेंटीमीटर. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हीच सावली भरदुपारी काठीच्या बुडाशी नाहीशी होते.

एका मुलाने लगेच विचारले, "सर, सावली काठीएवढी झाली की असर लागते ना? मग असर आताच लागली का?"

प्रश्न अगदी रास्त होता. याच अडचणीसाठी फिकहच्या किताबांत 'साया-ए-असली' आहे. ऐन माध्यान्हीची सावली आधी बाजूला ठेवायची आणि तिच्यापुढे वाढलेली सावली मोजायची. कोकणातले आपले शाफई बांधव एक पट वाढ धरतात, म्हणजे त्या दिवशी हर्सूलला सावली १९४ सेंटीमीटर झाल्यावर असर. आम्ही हनफी दोन पट धरतो, म्हणजे २९४. माध्यान्हीची सावली वजा केली नाही, तर एक पटीच्या हिशेबाने जोहर थोड्याच वेळात संपायची.

अशीच काठी रोवून चीनमध्ये शेकडो वर्षे हा दिवस शोधला गेला. जिच्या माध्यान्हीला सावली सर्वांत लांब, ती तारीख 'दोंगझी', म्हणजे हिवाळ्याची परिसीमा. या कामात मुसलमानांचाही हात आहे. १२६७ साली जमालुद्दीन या इराणी खगोलशास्त्रज्ञाने कुबलाई खानाच्या दरबारात वेधाची उपकरणे सादर केली. पुढे ग्वो शोउजिंग याने हनान प्रांतात सावली मोजण्यासाठी विटांचा भव्य मनोरा उभारला. तो आजही उभा आहे. त्याच्या १२८१ च्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे आहे. युरोपने हाच आकडा १५८२ मध्ये स्वीकारला.

चिनी घरांत या दिवशी उत्तरेकडे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या होतात, दक्षिणेकडे तांदळाच्या पिठाचे गोळे. या गोळ्यांचे नाव 'एकत्र येणे' या शब्दासारखे ऐकू येते, म्हणून ते सगळ्या कुटुंबाने मिळून खायचे. त्या दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे मोजतात. जुन्या काळी भिंतीवर ८१ पाकळ्यांचे फूल लावून रोज एक पाकळी रंगवत. फूल पूर्ण झाले की थंडी सरली. त्यांच्या समजुतीप्रमाणे अंधार टोकाला पोचतो त्याच दिवशी उजेडाची वाढ सुरू होते. कडाक्याची थंडी मात्र त्यानंतरच पडते, म्हणून मोजत बसायचे.

आपल्या घरांतही हा हिशेब आहे, फक्त त्याला सणाचे नाव नाही. रमजानमध्ये राहिलेले रोजे आपल्या आया-बहिणी याच दिवसांत पुरे करतात. कारण या दिवसांत रोजा सुमारे सव्वाबारा तासांचा असतो, जूनमध्ये तोच पावणेपंधरा तासांचा. रात्र लांब, त्यामुळे झोप होऊनही तहज्जुदला उठता येते.

आज वेळ मोबाइल सांगतो. सोय चांगली आहे, पण ती वेळ कशावरून ठरते हे मुलांना कळायला हवे. येत्या २२ डिसेंबरला गच्चीवर एक काठी उभी करा. कोल्हापूरला सावली सुमारे ८४ सेंटीमीटर भरेल, नागपूरला ९८. मशिदीतल्या वेळापत्रकाचे आकडे गावागणिक का बदलतात, हे मुले मग स्वतःच सांगतील.