बंबाची काजळी

आमच्या घरी तांब्याचा बंब आहे आणि तो शोभेसाठी नाही. गावाकडच्या न्हाणीघरात आई आजही त्याच्याच पाण्याने अंघोळ करते. ढलप्या, करवंट्या आणि लाकडी कोळसा हे त्याचे खाद्य. मध्ये विस्तवाचे नळकांडे, भोवती पाणी, तळाशी जाळी आणि जाळीखाली राख, अशी त्याची साधी रचना. साधी असल्यामुळेच ती आपल्याला पुरती कळली आहे, असा आमचा वर्षानुवर्षे समज होता.

एका हिवाळ्यात पाणी तापायला उशीर होऊ लागला. आम्ही ओल्या सरपणाला दोष दिला. मग एके सकाळी आई डोके धरून न्हाणीघरातून बाहेर आली आणि उंबऱ्यातच बसली. मळमळते, म्हणाली. दार बंद, थंडी नको म्हणून झरोक्यात कापड कोंबलेले आणि नळकांडे काजळीने जवळजवळ बुजलेले. हवा अपुरी पडली की निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हे आम्ही शाळेत शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलेही होते. उघड्या हवेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सावरली. आमची शरम मात्र ओसरली नाही.

त्याच दुपारी आम्ही बंब साफ करायला बसलो. हाताला लागली ती लोखंडी सळई. काजळीवर आमचा राग होता, आणि रागावलेल्या माणसाला कठीण हत्यार बरे वाटते. तासभर खरडले, काळे पापुद्रे पडत गेले तसे समाधानही वाटले. दुसऱ्या दिवशी विस्तव घातला तर तळातून पाणी झिरपून निखारे विझू लागले. सांध्याचा डाख सुटला होता.

बंब पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेला. एका वृद्ध कारागिराने नळकांड्यात बोट फिरवले, ओरखडे चाचपले आणि विचारले, "सर, सळई घातलीत ना?" आम्ही मान खाली घातली. ते म्हणाले, "राख वेगळी, काजळी वेगळी, तांब्यावरचा डाग वेगळा. तिघांना एकच हत्यार कसे चालेल?"

त्या एका वाक्याने आम्हाला कामाची रीत शिकवली. तांबे लोखंडापेक्षा मऊ. सळईला काजळी आणि तांबे यांतला फरक कळत नाही. म्हणून नळकांड्यासाठी वेताच्या काठीला काथ्या घट्ट गुंडाळून कुंचा करायचा. तो काजळी ओढतो, तांब्याला दुखवत नाही. ओल्या लाकडाच्या धुराचा चिकट कीट असेल तर दोनचार दिवस सुके सरपण जाळून तो आधी वाळवायचा, मग कुंचा फिरवायचा. चिंच आणि मीठ बाहेरच्या डागांसाठी. आंबट पदार्थ तांब्यावरचा गंज विरघळवतो, काजळीला मात्र त्याचे काही वाटत नाही. क्रमही महत्त्वाचा. कोरडे काम आधी, ओले नंतर. लाकडाची राख पाण्यात क्षारयुक्त होते. ती अंगावर असताना चिंच लावली तर चिंचेचा जोर फुकट जातो. आणि सर्वांत आधी बंब पूर्ण थंड झाला आहे ना, हे पाहायचे.

आम्ही साहित्य शिकवतो, त्यामुळे परतीच्या वाटेवर मन वर्गात गेले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आम्ही दरवर्षी सांगतो. परंतु शुद्ध करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आम्ही स्वतःला फारसा विचारला नव्हता. नकलाकारांच्या हातून चढलेला थर कोणता आणि मूळ धातू कोणता, हे ओळखल्यावाचून हात चालवणे म्हणजे सळईच. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर आम्ही फिरवलेली तांबडी शाई आठवली. अशुद्ध लेखन आणि गावाकडची बोली यांना आम्ही कितीदा एकाच हत्याराने खरडले असेल! त्या ओरखड्यांना डाख देणारा तांबट कोठे भेटतो, हे आम्हाला माहीत नाही.

बंब दुरुस्त होऊन आला. झरोक्यातले कापड आम्ही काढून टाकले. दर पंधरा दिवसांनी कुंचा फिरतो. सळई मात्र फेकली नाही. जाळी बिडाची आहे. तिच्यात अडकलेले खडे काढायला सळईच लागते. ती आता जाळीजवळच्या खुंटीवर असते, आणि कुंचा वर, दाराशी. परवा आई म्हणाली, "पाणी लवकर तापतं रे हल्ली." आम्ही दार किलकिले आहे ना, तेवढे पाहून घेतले.